फेऱ्यातली पानं

१

सकाळी बरोबर दहाला ती सरांच्या दाराची घंटा वाजवायची आणि स्वतःच वाजवलेल्या घंटेनं दचकायची. तिसऱ्या दिवशी दार उघडता उघडता ताईंनी तिचं नाव ‘दचकी’ ठेवून टाकलं.

“अगं, दार मी उघडते, वाघ नाही उघडत. ये आत.”

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. सर एकोणऐंशीचे. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. घरात त्या दोघांखेरीज होते ते फक्त कागद. त्या कागदांची यादी करायला संस्थेच्या ग्रंथालयानं तिला सहा महिन्यांच्या करारावर नेमलं होतं. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, अक्षर चांगलं आणि स्वभाव भित्रा. ग्रंथपालबाईंना असंच माणूस हवं होतं. “भित्री माणसं कागद फाडत नाहीत,” असं त्या तिच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. यादी नीट झाली तर नोकरी कायम होणार होती.

पहिल्याच दिवशी बाईंनी तिच्या पर्समधलं पेन काढून घेतलं. जुन्या कागदांजवळ शाई न्यायची नाही. न्यायची ती फक्त पेन्सिल, मऊ शिशाची. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात क्रमांक टाकायचा, आणि तोही इतका फिका की शोधावा लागावा. तिचा हात महिन्याभरात त्या पेन्सिलीला सरावला, इतका की पेन्सिल हातात आहे हेही तिच्या ध्यानात राहीनासं झालं.

अभ्यासिका लहानशीच होती. एक मोठं टेबल, सरांची एकुलती एक खुर्ची, तिच्यासाठी स्वयंपाकघरातून आणलेलं स्टूल, छतापर्यंत गेलेलं कपाट आणि एक खिडकी. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये दीड पावलाची भिंत मोकळी होती. तिथं काही ठेवलेलं नव्हतं. सर दिवसभर खुर्चीत बसून भिंगानं वर्तमानपत्र वाचत आणि अधूनमधून त्या मोकळ्या भिंतीकडे बघत. म्हातारी माणसं अशी कुठंतरी बघत बसतातच, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं.

२

सगळ्या कागदांत मोलाचा होता तो ‘फेरा’.

महायुद्ध संपल्यावर चार देशांतल्या चार तरुण शास्त्रज्ञांत एक रीत पडली होती, आधी तिघांत, मग चौघांत. चौघांत मिळून एकच पाकीट. ते थोरल्याकडून जावयाकडे, जावयाकडून मुक्याकडे, मुक्याकडून धाकट्याकडे आणि पुन्हा थोरल्याकडे, असं बोटीच्या टपालानं फिरायचं. एका फेरीला तीन महिने. पाकीट आलं की आपलं जुनं पान काढून घ्यायचं, बाकीच्या तिघांची वाचायची, चूक दिसली तर पेन्सिलीनं गोल करायचा, आपलं नवं पान घालायचं आणि आठवड्याच्या आत पुढे धाडायचं. त्यामुळे पाकिटात नेहमी चार पानं. धाकटा म्हणजे आपले सर. जावयानं आपल्या प्राध्यापकांच्या मुलीशी लग्न केलं म्हणून तो जावई. मुका चारचौघांत तोंड उघडायचा नाही, पण पत्रात दोन्ही बाजू भरून लिहायचा.

प्रश्नही चौघांत मिळून एकच होता. एखाद्या जागेतून सगळं काढून घेतलं, हवा, उजेड, ऊब, अगदी सगळं, तर मागे काय उरतं? काहीतरी उरतं, हे त्यांच्या गणितानं पहिल्या दोन वर्षांतच दाखवलं होतं. किती उरतं आणि ते कुठल्या दिशेला सरकतं, यावर पुढची तीस वर्षं गेली.

पानं पुढे जायची, पण त्यांच्या नकला घरात राहायच्या. त्या ताईंनी केल्या होत्या, एकोणीस वह्यांमध्ये. ताईंना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. कापडावरची नक्षी उतरवावी तशी त्या चिन्हं उतरवत गेल्या होत्या.

बाराव्या वहीशी ती अडखळली. त्याच आठवड्यात तिनं एका नियतकालिकातला मुक्याचा मृत्युलेख यादीत चढवला होता. तारीख डोक्यात ताजी होती. आणि बाराव्या वहीत, त्या तारखेनंतर पाच महिन्यांनी, चार पानं होती. चौथं मुक्याचं.

तिनं तारीख पुन्हा ताडून पाहिली. मग तिनं स्वतःला दटावलं. सरळ आहे की! मेलेल्या माणसाचं जुनं पान काढणार कोण? तेच पान पाकिटात फिरत राहिलं असणार. तिनं पुढची फेरी उघडली. पान वेगळं होतं. त्यापुढचं आणखी वेगळं, आणि त्यात जावयाच्या ताज्या शंकेला उत्तर होतं.

ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेली.

“ताई, हे मुके… हे कधी वारले?”

“तार आली तेव्हा मी जिन्यावरून पडले होते. गुडघा अजून आठवण काढतो.” ताईंनी वहीकडे पाहिलंही नाही. “का गं?”

“मग ही त्यानंतरची पानं कुणाची?”

“त्याची.”

“पण ते तर गेले होते ना!”

“हे बघ, आलं ते मी उतरवलं. स्वल्पविराम आला तर स्वल्पविराम, डाग पडलेला असला तर तिथं डाग असं लिहिलं. कोण जिवंत, कोण मेलेलं, हे बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.” मग त्या म्हणाल्या, “चहा घे. तोंड पांढरं पडलंय तुझं.”

३

जावयानं लिहिलं असेल. मित्राची आठवण म्हणून कुणी असं करतंही. अक्षरावरून ओळखता आलं असतं, पण वह्यांमध्ये सगळ्यांचं अक्षर ताईंचंच. अशी कारणं गोळा करत ती चार दिवस त्या वह्या वाचत राहिली आणि कारणं एकेक करून गळत गेली.

खटकलं ते वेगळंच. ही चौघं कागदावरची माणसं. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘यावरून’ अशी त्यांची भाषा. मुक्याला तर घरातला दिवा बदलायला शेजारी लागायचा, असं ताई सांगत. आणि मृत्यूनंतरच्या पानांत ‘समजा’ हा शब्दच नव्हता. तिथं होतं, ‘मोजलं.’ तिथं होतं, ‘तिसरं पद शून्य नाही. पाहिलं.’

सहा वर्षांनी थोरला गेला. त्याच्या पुढच्या पानातही ‘समजा’ नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं हिय्या करून विचारलं. सरांनी भिंग खाली ठेवलं.

“मला वाटायचं जावई लिहितो. दोघांच्याही नावानं. एका परिषदेत भेटलो तेव्हा मी त्याला चांगला झापला, की मेलेल्यांची कसली थट्टा करतोस. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मी तर समजत होतो तू लिहितोस.”

“मग?”

“मग काय! तोही गेला, अकरा वर्षं झाली. आणि दोन महिन्यांनी पाकीट आलं. तिकीट होतं, शिक्का नव्हता. आत चार पानं. तिघांची तीन आणि माझं जुनं एक.”

खिडकीचं दार वाऱ्यानं आपटलं आणि ती स्टुलावरून उठलीच. सर हसले नाहीत.

“कुठंय ते, सर?”

“या खणात. आठवड्यात पुढे धाडायचा नियम आहे. मी अकरा वर्षं धाडलेलं नाही.” त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. “तुझ्या यादीत ते यायला हवं, नाहीतर तुझ्या बाई तुझं डोकं खातील. क्रमांक टाक आणि परत ठेव. वाचू नकोस.”

४

वाचू नकोस म्हटल्यावर कुणी वाचायचं थांबलंय? शिवाय वाचल्याखेरीज यादीत वर्णन काय लिहिणार?

सर दुपारचे आडवे झाले होते. चार पानं, चार अक्षरं. मुक्याच्या अक्षराचा एक जुना नमुना संस्थेत होता, तो तिनं पाहिलेला होता. उंच, डावीकडे कललेलं अक्षर. हे तेच होतं. तिचे डोळे ओळींवरून पुढे सरकतच राहिले.

मुक्याचं पान लांबलचक होतं. जागा कशी आहे याबद्दल त्यात काहीच नव्हतं. ‘थंडी’ एवढा एक शब्द होता आणि तो खोडलेला होता. बाकी सगळं गणितच, आणि शेवटी चार ओळी.

‘धाकट्या, तुझ्याकडची बाजू सापडत नाही. आपल्या गणितात दिशा सांगणारं शेवटचं पद अधिक आहे. ते सांगतं त्या बाजूला आम्ही चालतो. जितकं चालावं तितका तू लांब जातोस. कुठं चुकतंय ते बघून कळव.’

तिला वाईट वाटलं. भीतीही वाटली, पण आधी वाईटच वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात ती पुन्हा वरपासून ओळी तपासत आली. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत तिनं हेच तर केलं होतं. सातव्या ओळीवरून आठव्या ओळीवर येताना कंस सोडवला होता आणि एक उणं सुटलं होतं. कुणाच्याही हातून सुटतं. पानाच्या कोपऱ्यात क्रमांक टाकून तिनं पुडकं बांधलं, खणात ठेवलं, किल्ली फिरवली.

रस्त्यावर आल्यावर तिला हातातली पेन्सिल दिसली आणि ती जागीच थांबली. आठव्या ओळीतल्या त्या चिन्हाभोवती तिनं गोल केला होता. बाजूला एक बारीकशी आडवी रेघही काढली होती. उण्याची.

५

उद्या खोडरबरानं पुसून टाकू, या एका विचारावर तिनं रात्र काढली. सकाळी सर बाहेर फेरी मारायला गेलेले असताना तिनं खण उघडला.

पानं चारच होती. मुक्याच्या पानावर गोल नव्हता. तिचा क्रमांकही नव्हता. कागद दुसरा होता.

‘दुरुस्ती मिळाली. चिन्ह उणेच. पाचव्याचे आभार. वळलो आहोत.’

बस्, एवढंच. दोन्ही बाजू भरून लिहिणाऱ्या माणसाचं दीड ओळीचं पान.

सर केव्हा आत आले ते तिला कळलं नाही. त्यांनी तिच्या हातून पान घेतलं, वाचलं आणि खुर्चीत बसले.

“सर, माझ्याकडून… मी मुद्दाम नाही केलं हो. हातात पेन्सिल होती.”

“सातवी ओळ?”

“सातवीवरून आठवीला येताना.”

“हं.” सरांनी डोळे मिटले. “पाकीट आलं त्याच दिवशी मला दिसलं होतं ते.”

“मग तुम्ही कळवलं का नाही?”

“म्हणूनच तर पाकीट पुढे धाडलं नाही. पान लिहायला बसलो असतो तर ती चूक दाखवल्याशिवाय माझ्याच्यानं राहवलं नसतं, आणि मग ते इकडे वळले असते. आमची जातच तशी. घर जळत असलं तरी आम्ही आधी चिन्ह बरोबर करू. तेव्हा गप्प बसणं एवढाच उपाय होता. माझे तीन मित्र अकरा वर्षं चुकीच्या बाजूला चालताहेत आणि मी इथं बसून वर्तमानपत्र वाचतोय.”

त्या क्षणी ती दोषी होती की ते, हे तिला ठरवता येईना.

“आणि ‘पाचवा’ म्हणजे…?”

“दुरुस्ती करणारा फेऱ्यात येतो. मी असाच आलो होतो, बाविसाव्या वर्षी. तिघांचं पाकीट माझ्या प्राध्यापकांच्या टेबलावर पडलेलं होतं, मी एक चूक दाखवली.”

“बाहेर कसं पडायचं?”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. “तो नियम करायचा राहून गेला.”

६

नोकरी गेली खड्ड्यात, उद्यापासून यायचंच नाही, असं ठरवून ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा दारात उभी राहिली. न येऊन पाकिटात काय येतंय ते कळणं थांबलं असतं, येणं थांबलं नसतं.

खण रोज सकाळी ते दोघं मिळून उघडत. पहिल्या दिवशी थोरल्याचं पान बदललेलं होतं. ‘उजेड दिसतो. चौकोनी.’ दुसऱ्या दिवशी जावयाचं. ‘खिडकीच आहे. टेबल. कपाट.’ तिसऱ्या दिवशी पुन्हा मुक्याचं. ‘धाकटा म्हातारा झाला. स्टुलावर कोण?’

ते वाचल्यावर ती स्टुलावर बसली नाही. उभ्यानंच काम करत राहिली, म्हणजे करत असल्यासारखं दाखवत राहिली.

आवाज कसलाच नव्हता. आवाज असता तर बरं झालं असतं, दचकून मोकळं तरी होता आलं असतं. पण खोली रोज जरा अधिकच गप्प होत चालली होती. कपाटाच्या बाजूला उभं राहून बोललं तर आपलाच आवाज अर्धा कुणीतरी गिळल्यासारखा यायचा. आणि त्या मोकळ्या भिंतीपाशी खिडकीतलं ऊन जमिनीवर सरळ यायचं आणि एका जागी थांबायचं. सावली पडावी असं मध्ये काही नव्हतं. ऊन नुसतं थांबायचं, कापडाला कात्री लावल्यासारखं. पुढची फरशी काळी नव्हती, थंड होती इतकंच. तिनं खडूनं खूण केली. मनाचे खेळ असतील तर खूण हलणार नाही.

खूण हलली नाही. उन्हाची कडच खुणेच्या अलीकडे आली, रोज एका फरशीनं.

चौथ्या दिवशी तिघांच्याही पानांवर एकेकच शब्द होता. सलग वाचलं की होत होतं, ‘पाचव्याचं पान द्या.’

“द्यायचं नाही,” सर म्हणाले. अकरा वर्षांत प्रथमच ते ताठ बसले होते. “आज मी पान लिहितो. पाचव्याची दुरुस्ती चूक आहे, चिन्ह अधिकच आहे, असं सिद्ध करून देतो. ते पुन्हा मागे वळतील.”

“पण ते खोटं आहे, सर.”

“म्हणून तर अवघड आहे. खोटं गणित मी आयुष्यात मांडलेलं नाही. पण तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलंय, पोरी. ताई! शाई आण गं.”

ताई दौत घेऊन आल्या. खोलीत पाऊल टाकताच त्यांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. “किती रे गार करून ठेवलीस ही खोली!” एवढंच म्हणून त्या परत गेल्या.

७

सर तासभर लिहीत होते. ती त्यांच्या खांद्यावरून बघत होती आणि भीतीतही तिला राहवेना, इतकं ते सुरेख होतं. प्रत्येक पायरी खरी वाटावी अशी. सातव्या ओळीला त्यांनी कंसाची मांडणीच अशी बदलली की चूक कुठं लपली ते तिलाही क्षणभर सापडेना. आता शेवटची ओळ राहिली होती. एक अधिक लिहायचं, की झालं.

उन्हाची कड टेबलाच्या पायापाशी आली होती.

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

“सर, लिहा ना.”

“लिहितो.”

“सर!”

सरांनी मान वर केली. तिच्याकडे नाही, समोर, टेबलापलीकडे. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर करावा आणि मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघावं, तसं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. चोरी पकडली गेल्यावर माणूस ओशाळतो आणि त्याला हलकंही वाटतं, तसं काहीतरी.

“हो, हो,” ते म्हणाले. “दिसतंय मला. उणेच आहे.”

आणि त्यांनी एक आडवी रेघ ओढली.

टेबलाच्या पलीकडच्या काठावर जुन्या नियतकालिकांचा गठ्ठा होता. तो तिच्या डोळ्यांदेखत दबला. वरचं पुठ्ठ्याचं आवरण दोन ठिकाणी खोलगट झालं, वाकून वाचणाऱ्यानं तळहात टेकावेत तसं. थोडं बाजूला आणखी दोन. तिसरी जोडी तिच्या अंगाकडच्या कोपऱ्यावर आली. त्या खळग्यांच्या वरच्या बाजूला तिनं पाहिलं. किती वेळ पाहिलं आणि काय पाहिलं, ते तिनं पुढे ग्रंथपालबाईंना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. एवढंच की तिथं चेहऱ्याच्या जागी जे होतं ते तिच्याकडे कुतूहलानं बघत होतं, आणि त्याला तिच्या हातातली पेन्सिल दिसली होती.

“बाहेर जा,” सर अगदी शांतपणे म्हणाले. “दार ओढून घे आणि कडी घाल. ताईला येऊ देऊ नकोस.”

ती गेली. कशी गेली ते तिला आठवत नाही. कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. समोर ताई हातात फडकं घेऊन उभ्या होत्या.

“काय झालं गं? कोण आलंय त्याच्याकडे?”

आत सर बोलत होते. थांबत होते, ऐकत होते, पुन्हा बोलत होते. मध्येच ते हसले, तरण्याताठ्या माणसासारखं. ताईंचा हात कडीकडे गेला आणि तिनं तो घट्ट धरून ठेवला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचं मनगट दुखेल इतका घट्ट.

मग आतलं बोलणं हळू झालं. काहीतरी मागितलं गेलं असावं.

“नाही,” ते म्हणाले. “ती नको. मी येतो ना.”

ताईंनी हात सोडवून घ्यायला एकदा हिसडा दिला. “सोड. अगं, माझा भाऊ आहे तो. सोड मला.”

तिनं सोडलं नाही. दाराखालच्या फटीतून थंडी तिच्या टाचांपर्यंत आली, तिथं जरा थांबली आणि मागे फिरली. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तिला रडू आलं नाही, सरांची आठवण आली नाही. तिला हायसं वाटलं.